मंगळावरचा पाचवा डाग

माझी मुलगी चांगुणा नऊ महिन्यांची होती तेव्हाची ही गोष्ट. रोज सकाळी आंघोळीच्या आधी मी तिला दाराच्या उजेडात धरायची आणि टाळूपासून तळपायापर्यंत तपासायची. मानेवर पुरळ किती, कानामागे काही उठलंय का, मांडीवर काल डास चावल्याचा ठिपका होता तो गेला की वाढला. चौऱ्याहत्तरचा जानेवारी होता. देवीची साथ अमक्या गावी आली, तमक्या गावी आली, असं रोज कानावर यायचं, आणि बीबी गावच्या बाजाराहून परतलेला माणूस भाजीबरोबर एखादी घाबरवणारी बातमी हटकून आणायचा. चांगुणाला टोचून झालं होतं. तरी मी मोजत होते.

"पोरगी हाय का गव्हाचं सूप? रोज खडे निवडून राह्यली!" सासूबाई म्हणायच्या.

सासूबाईंचं नाव मनकर्णाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांना लहानपणी देवी येऊन गेलेल्या. चेहरा सगळा खोलगट वणांनी भरलेला. त्यामुळे त्या असं म्हणाल्या की मी गप्प बसायची, पण मोजणं काही सोडायची नाही.

आमचे हे, तुळशीराम, लोणारच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. मी स्वतः अमरावतीहून बी.एस्सी. झालेली, विषय भौतिकशास्त्र. सनद ट्रंकेत होती, लग्नाच्या शालूखाली. दोन्हींना सारखाच डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता आणि दोन्ही सारख्याच कामाच्या, असं मला हल्ली वाटायला लागलं होतं.

संक्रांत झाली आणि तळ्याच्या काठावरच्या विश्रामगृहात नागपूरहून एक जीप आली. जीपमध्ये डॉक्टर भगवंतराव काळबांडे. मूळचे दर्यापूरकडचे, पण बोलणं धुतलेलं, इस्त्री केलेलं. रागावले की मात्र इस्त्री मोडायची. लोणारचं तळं वरून पडलेल्या दगडामुळे झालेलं आहे आणि तेही काळ्या खडकात. तसलाच खडक चंद्रावर आहे, मंगळावरही आहे. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने तिथल्या खड्ड्यांचे हजारो फोटो पाठवले होते. पण फोटोतल्या खड्ड्यात उतरून काठाचा उतार कुणाला मोजता येतो? आपल्या खड्ड्यात येतो. म्हणून डॉक्टर सकाळी दोरी, कोनमापक आणि दोन गडी घेऊन तळ्यात उतरायचे आणि दुपारी माकडांना शिव्या देत वर यायचे.

ह्यांनी घरी येऊन एवढं सांगितलं, त्यातलं आत्याबाईंनी एकच उचललं.

"डॉक्टर हाय ना? मंग पोरीची सर्दी दाखव त्याले."

"माय, तो दगडांचा डॉक्टर आहे."

"दगडाले काय होते बे?"

डॉक्टरांना खड्डे मोजणारं माणूस हवं होतं. ज्या जमिनीवर खड्डे जास्त, ती जमीन जुनी. खड्ड्यात खड्डा असेल तर आतला नंतरचा. अशी मोजणी करून मंगळाच्या कुठल्या भागाचं वय किती ते ठरतं. आधी ह्यांनीच हौसेने बसून पाहिलं. एका फोटोत एकसष्ट खड्डे निघाले. चहा पिऊन पुन्हा मोजले तर चौऱ्याण्णव.

"माझ्याच्यानं होणार नाही," हे डॉक्टरांना म्हणाले, "पण घरी एक बी.एस्सी. आहे. ती पोरीच्या अंगावरचं पुरळ मोजते, अन् कालच्यापेक्षा दोन कमी झाले ते बरोबर सांगते."

मला हे कळलं तेव्हा मी तीन तास ह्यांच्याशी बोलले नाही. चौथ्या तासाला विचारलं, "मग ते काय म्हणाले?"

डॉक्टर म्हणाले होते, बोलवा.

उमेदवार दोन होतो. एक मी. दुसरे मेहकरचे रंगराव, एम.एस्सी. झालेले, बिनलग्नाचे, खिशाला दोन पेनं लावणारे. दोघांना सारखेच सहा फोटो. आठ दिवसांत मोजून द्यायचे, शनिवारी सकाळी दहाला डॉक्टर नागपूरला निघणार. ज्याची मोजणी पसंत पडेल त्याला पुढचं सबंध वर्ष दर महिन्याला फोटोंचं पाकीट टपालाने येणार. घरी बसून मोजायचं, परत पाठवायचं. घरी बसून! मला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं की विश्रामगृहाच्या पायऱ्या उतरताना मी चांगुणाचं नाक पुसायचं विसरले.

डॉक्टरांचे नियम सोपे होते. फोटोवर अर्धपारदर्शक कागद ठेवायचा, दिसेल त्या गोलावर पेन्सिलीने खूण करायची. भोकांची एक प्लॅस्टिकची पट्टी दिली होती, तिने गोल लहान की मोठा ते ठरवायचं. प्रत्येक फोटो तीनदा मोजायचा, वेगवेगळ्या वेळी, आधीचा आकडा न बघता. आकड्यापुढे वार आणि वेळ लिहायची. आणि खोडायचं नाही. त्यांनी माझ्या कंपासपेटीतलं खोडरबर काढून स्वतःच्या खिशात टाकलं.

"जे दिसतं ते लिहायचं," ते म्हणाले. "जे दिसायला पाहिजे ते नाही."

मी खिडकीशी टेबल लावलं. चांगुणा खाली चादरीवर, तिच्यापुढे वाटी-चमचा. आत्याबाई टेबलापलीकडे तांदूळ निवडत. पहिल्याच फोटोला त्यांनी समोरून मान वाकडी केली.

"ह्या पुऱ्या कोनं तळल्या?"

"पुऱ्या नाहीत, खड्डे आहेत."

"मले फुगलेल्या दिसून राह्यल्या ना पण. अन् ही एक फुटली."

मी उठून त्यांच्या बाजूला गेले आणि थक्क झाले. खरंच पुऱ्या! टम्म फुगलेल्या. फोटो उलटा धरला की सावली उलट्या बाजूला जाते आणि डोळा खड्ड्याला उंचवटा समजतो. माझ्या बाजूने खड्डा, त्यांच्या बाजूने पुरी. मग आत्याबाईंना मी माझ्या खुर्चीत बसवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग आपल्या गालावरून बोट फिरवत म्हणाल्या, "ह्याले बी देवी येऊन गेल्या वाटते." आणि जरा थांबून, "लहानपणीच आल्या असन."

डॉक्टरांनी मला अर्धा तास समजावलेली गोष्ट हीच होती.

सगळ्या फोटोंवर बारीक काळे ठिपके होते, एकसारख्या अंतरावर, ओळीत. ते खड्डे नव्हेत. कॅमेऱ्याच्या काचेवरच ते काढलेले असतात, फोटो कुठे ताणला गेला का ते तपासायला. आत्याबाईंनी विचारलं तेव्हा चांगुणा वाटी तोंडात घालायच्या बेतात होती, म्हणून मी घाईत एवढंच म्हणाले, "ते फोटो पाठवणाऱ्यांनीच लावलेत, मुद्दाम."

"हाव का? म्हणजे त्यायले बी समजते," आत्याबाई समाधानाने म्हणाल्या आणि पुन्हा तांदळाकडे वळल्या. काय समजते ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मोजणीने मला छळलं. पहिला फोटो: सोमवारी दुपारी एकशे त्रेचाळीस. मंगळवारी सकाळी एकशे अठ्ठावन्न. मंगळवारी संध्याकाळी एकशे पन्नास. तेच डोळे, तीच पेन्सिल! मिटत चाललेला एखादा गोल सकाळी दिसतो, दुपारी दिसत नाही. मला धडकी भरली. पंधरा खड्डे जिला सापडत नाहीत, तिला पोरीच्या कानामागचा एक फोड सापडेल का? मी उठून चांगुणाला पुन्हा तपासलं. ती खुदुखुदू हसली.

"तिन्हीकडे दीडशे लिहून टाक," हे म्हणाले. "कोण पाहायला येऊन राह्यलं मंगळावर?"

"खोडरबर डॉक्टरांच्या खिशात आहे."

"भाकरीचा मऊ गोळा कर. पेन्सिल पुसल्या जाते त्यानं. पोरं परीक्षेत करतात."

मी खरंच गोळा केला. अंगठ्याखाली मळून मऊ केला. कागदाजवळ नेला. तेवढ्यात तो चांगुणाने माझ्या हातातून ओढून तोंडात टाकला आणि तिच्या घशात बोट घालण्याच्या धांदलीत त्रेचाळीस, अठ्ठावन्न आणि पन्नास तिथेच राहिले. दुसरा गोळा करायची मला लाज वाटली, एवढंच.

सहावा फोटो वेगळा होता. खड्डेच नाहीत. यान मंगळापाशी पोचलं तेव्हा तिथे धुळीचं वादळ चाललं होतं आणि सगळा ग्रह त्याखाली झाकलेला, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. ह्या प्रतीवरचे ओळीतले ठिपकेही काढून टाकलेले होते. नुसती पांढुरकी, मऊ पाटी आणि तिच्यावर चार काळसर डाग. तीन तिरप्या ओळीत, चौथा लांब, एकटा. गुरुवारी चार वाजता मी लिहिलं: चार.

खड्ड्यांना कंटाळले होते, म्हणून तो फोटो मला फारच आवडला. "आत्याबाई, बघा ना," मी म्हणाले, "आपल्या चांगीच्या गालासारखा गुळगुळीत आहे. असं वाटतं बघतच राहावं."

आत्याबाईंनी पाहिलं, आणि माझ्याकडेही पाहिलं.

शुक्रवारी सकाळी आठला पुन्हा मोजले. चार. मग चांगुणाची आंघोळ आत्याबाईंवर सोपवून मी तिची दुपटी धुवायला गेले. जेवणं झाली, चांगुणा झोपली, दोन वाजता मी तिसऱ्यांदा बसले.

पाच.

खाली उजव्या कोपऱ्यात पाचवा डाग होता. चांगला ठसठशीत, गोल, एका बाजूला किंचित लांबट. कागद उचलून पाहिला, भिंगातून पाहिला. होता. एवढा मोठा डाग मला दोनदा दिसला नव्हता! मी तीनदा डोळे धुतले. कागदाच्या पाठीला जरा काळं लागलं होतं, ते मी पेन्सिलीचं समजले.

पाकीट संध्याकाळी आमचे हे विश्रामगृहावर पोचवणार होते. काय लिहायचं? आधीच्या दोन्ही चारांचे पाच करता येत नव्हते. पाचाचा चार करावासा वाटत नव्हता, कारण डाग समोर होता. शेवटी मी खाली एक ओळ लिहिली: "आता पाच दिसतात. काल आणि आज सकाळी चारच दिसले. मी तेव्हा चुकले की आता, हे मला सांगता येत नाही." ओळ वाचून मलाच रडू आलं. मला सांगता येत नाही! असं लिहून कुणाला काम मिळालंय?

पाकीट घेऊन हे गेले. रात्री मला मंगळाला गोवर आल्याचं स्वप्न पडलं.

शनिवारी सकाळी नऊला आत्याबाई चांगुणाला न्हाऊ घालून घेऊन बसल्या. मी दुपट्यांच्या घड्या घालत होते. त्यांनी काजळाची डबी उघडली. काजळ घरचंच, एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं. करंगळीशेजारचं बोट डबीत बुडवलं, चांगुणाच्या गालावर टेकवलं आणि पोरीने मान हलवली तशी जरा ओढलं गेलं. तीट.

गोल. ठसठशीत. एका बाजूला किंचित लांबट.

मी घडी खाली ठेवली. "आत्याबाई," मी म्हणाले, "तुम्ही माझ्या फोटोला हात लावला होता?"

"कोनत्या?"

"धुळीच्या. शेवटच्या."

"हात कायले लावू? तीट लावली." त्यांनी चांगुणाच्या तळपायालाही बोट टेकवलं. "दिवसभर टक लावून पाह्यतं, वर म्हनतं गालासारखा गुळगुळीत हाय, बघतच राहावं. दृष्ट नाही लागन? बाकीच्या फोटोले त्यायनं लावेल होती, तूच सांगतलं. ह्या एकाचीच राहून गेली होती. मंग मी लावली."

घड्याळात सव्वानऊ. दहाला जीप. हे शाळेत गेलेले. मी चांगुणाला उचललं, चपला कुठल्या घातल्या ते पाहिलं नाही, आणि निघाले. मागून आत्याबाईंचा आवाज, "अवं टोपडं! पोरीचं टोपडं!"

विश्रामगृहाला जायला धारेच्या, म्हणजे झऱ्याच्या, बाजूने चढ आहे. वाटेत शेजारच्या भिमाबाई घागर घेऊन येत होत्या. माझा अवतार पाहून त्यांनी घागर खालीच ठेवली. "काय झालं वं पोरीले?"

"पोरीला काही नाही, मंगळाला झालंय!" मी म्हणाले आणि पुढे गेले. गावात त्या दिवशी काय बोललं गेलं असेल ते मी कधी विचारलं नाही.

चालता चालता मी विचार करत होते. सांगितलं तर काय होईल? परदेशातून आलेली प्रत, तिला माझ्या घरात काजळ लागलं. ज्या घरात फोटो सांभाळता येत नाहीत तिथे कोण वर्षभर पाकिटं पाठवेल? नाही सांगितलं तर? तर एक माणूस मंगळावरच्या पाचव्या डागाचं कारण शोधत बसेल, आणि ते कारण आमच्या कोनाड्यातल्या डबीत असेल. चांगुणा माझ्या खांद्यावर गाल घासत होती. माझा पदर काळा झाला.

विश्रामगृहाच्या व्हरांड्यात टेबलावर दोन्ही पाकिटं उघडलेली होती. रंगराव बशीत ओतून चहा पीत होते. डॉक्टर भिंग घेऊन फोटोवर ओणवे. शेजारी त्यांची स्वतःची प्रत ठेवलेली.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "ह्या फोटोत चार डाग आहेत. मला तो पाठ आहे. धूळ खाली बसली तेव्हा कळलं, ते चार प्रचंड ज्वालामुखींचे माथे होते. वादळाच्या वर तेवढेच डोकं काढून होते. तुमच्या प्रतीत मात्र हा पाचवा." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "प्रत छापताना डाग पडला असेल. होतं असं कधी कधी. तुमचा दोष नाही."

म्हणजे वाट त्यांनीच काढून दिली होती. मला नुसती मान हलवायची होती. रंगरावांनी दुसऱ्यांदा बशीत चहा ओतला.

"छापताना नाही," मी म्हणाले. "काजळ आहे."

"काय?"

"काजळ. आमच्या घरचं. माझ्या सासूबाईंनी मंगळाला तीट लावली."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग चांगुणाच्या गालाकडे. मग फोटोकडे. आणि त्यांच्या बोलण्याची इस्त्री मोडली.

"अवं पन काऊन?"

उत्तर मला द्यावं लागलं नाही. आत्याबाई हातात टोपडं घेऊन धापा टाकत पायऱ्या चढत होत्या. "मी लावली! तिले काही बोलू नका. पोरगी आठ दिवस त्या मंगळाकडं टक लावून बसली. आपल्या लेकराले माय एवढं पाह्यत असन तं तिची बी दृष्ट लागते, हा तं परक्याचा. अन् तुमचे बाकीचे फोटो पाह्यले मी. सगळ्यायले ठिपके हायेत. ह्या एकाले नव्हते. इसरले असतान म्हटलं."

डॉक्टर खुर्चीत बसले. हसत होते की काय ते आधी कळेना, कारण त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता. मग रुमाल बाजूला झाला आणि ते गंभीर होते.

"फोटो उघडा राहिला, ही चूक तुमची," ते मला म्हणाले. "ती मोठी आहे. ही प्रत आता कामाची नाही."

"हो," मी म्हणाले.

"आता तुमचा कागद पाहू." त्यांनी माझा कागद जवळ ओढला आणि बोट ठेवून मोठ्याने वाचला. "गुरुवार, दुपारी चार: चार. शुक्रवार, सकाळी आठ: चार. शुक्रवार, दुपारी दोन: पाच." त्यांनी वर पाहिलं. "आजी, तुम्ही तीट कधी लावली?"

"काल. पोरीची आंघोळ झाली तवा. दहा वाजले असन."

"म्हणजे मंगळावर डाग पडला तो शुक्रवारी सकाळी आठ ते दुपारी दोनच्या दरम्यान. हा कागद तेच सांगतो." त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. "बाई, तुम्ही नसत्या आल्या तरी एवढं मला समजलंच असतं, की डाग तिकडचा नाही, इथला आहे. तिकडचा असता तर गुरुवारीच दिसला असता. आधीच्या चारांवर तुम्ही पाच गिरवले असते, तर मात्र काही समजलं नसतं."

मला भाकरीचा गोळा आठवला. मी चांगुणाला जरा घट्ट धरलं.

मग त्यांनी दुसरा कागद ओढला. रंगरावांचा. अक्षर मोत्यासारखं. "रंगराव, पहिला फोटो. एकशे सत्तेचाळीस, एकशे सत्तेचाळीस, एकशे सत्तेचाळीस."

"हो सर."

"दुसरा. एकोणनव्वद, एकोणनव्वद, एकोणनव्वद. मी हे काम अकरा वर्षं करतो आहे. चंद्राचे फोटो मोजले, आता हे मोजतो. तीनदा मोजून तीनदा एकच आकडा मला आजवर आला नाही. यांचे पाहा: त्रेचाळीस, अठ्ठावन्न, पन्नास. डोळ्याने मोजलं की असंच येतं. मला तो फरकच हवा असतो. तो किती, यावरून मी ठरवतो की आकड्यावर भरवसा किती ठेवायचा."

रंगरावांच्या बशीतला चहा निवला होता. माणूस वाईट नव्हता. कान लाल झाले, पण सरळ बोलले. "एकदाच मोजले, सर. वाटलं, फरक पडला तर चूक धराल."

"मलाही तेच वाटलं होतं," मी पटकन म्हणाले. ते माझ्याकडे बघून कसनुसे हसले.

"पहिला आकडा चांगला आहे तुमचा," डॉक्टर त्यांना म्हणाले. "पुन्हा मोजा, खरे तीनदा, आणि मला पाठवा. घाई नाही." मग माझ्याकडे वळले. "पाकीट फेब्रुवारीपासून येईल. पत्ता लिहून द्या. अट एकच, काजळाची डबी आणि फोटो एका खोलीत नकोत."

पत्ता लिहिताना मी लोणारऐवजी माहेरचं गाव लिहिलं. खोडायला गेले तर खोडरबर नव्हतं. डॉक्टरांनी खिशातून काढून दिलं. "पत्त्यावर चालतं," म्हणाले.

जीप सुरू झाली तेव्हा आत्याबाई तिच्या पुढ्यात उभ्या. "एवढं थांबता का? पोरीची सर्दी पाहा जरा. आठ दिवस झाले, नाक थांबत नाही."

"माय," मी कळवळून म्हणाले, ह्यांचाच शब्द माझ्या तोंडी आला, "ते दगडांचे डॉक्टर आहेत!"

पण डॉक्टर खाली उतरले. चांगुणाची जीभ पाहिली, कपाळाला हात लावला, भिंगातून नाकपुडीसुद्धा पाहिली. "ताप नाही," म्हणाले. "थंडीची सर्दी आहे. ओव्याची पुरचुंडी शेकत जा." आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की सांगून सोय नाही.

फेब्रुवारीत पाकीट आलं. मी ते पुढच्या खोलीत ठेवलं; काजळाची डबी स्वयंपाकघराच्या कोनाड्यात, वरच्या फळीवर. आत्याबाईंनी तक्रार केली नाही. त्यांनी बंद पाकिटाच्या पाठीवर, टपालखात्याच्या शिक्क्याशेजारी, काजळाचं बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "आता आतल्याले हात लावायचं काम नाही."

पहिला फोटो खड्ड्यांनी गच्च भरलेला होता. सकाळी माझे एकशे सदतीस आले, दुपारी एकशे एकोणपन्नास. आत्याबाई समोर बसल्या होत्या, नेहमीच्या जागी. "मले बी मोजू दे नं," त्या म्हणाल्या. त्यांना लिहिता येत नाही, आकडे मात्र तोंडपाठ. मी फोटोवर काच ठेवली. त्यांनी ओंजळभर ज्वारी घेतली आणि आपल्या बाजूने, एकेका पुरीवर एकेक दाणा ठेवत गेल्या. माझ्यापेक्षा सावकाश, माझ्यापेक्षा ताठ बसून. काही ठिकाणी थांबायच्या, आपल्याच गालाला हात लावायच्या आणि मग दाणा ठेवायच्या. संपल्यावर दाणे वीस-वीसचे ढीग करून मोजले.

डॉक्टरांचा नियम होता, जे दिसतं ते लिहायचं. मी तिसऱ्या मोजणीपुढे लिहिलं: "शुक्रवार, दुपारी सव्वातीन. सासूबाईंची मोजणी, समोरून, ज्वारीच्या दाण्यांनी. पुऱ्या एकशे बेचाळीस. एक दाणा मुलीने खाल्ला, तो धरून."